एका काजाचा वेळ

"बसा की साहेब," श्रीपती हावळ मला म्हणाले. "एक काज हुईल तवर ते काय बोलायचं न्हाई."

'ते' म्हणजे काउंटरवरचा कॉम्प्युटर. दिवस मंगळवारचा होता, १८ जानेवारी २०११, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या तळमजल्यावर हरवलेल्या व्यक्तींचा कक्ष होता आणि त्या खोलीत मी पंधरा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाऊल ठेवलं होतं. हावळ मात्र तिथे बावीस आठवडे येत होते. त्यामुळे बसा म्हणण्याचा मान त्यांचाच होता.

हवालदार रसूल मुजावरांनी माउसचं बटण दाबलं. पडद्यावर 'शोध चालू आहे' अशी अक्षरं आली आणि त्याखाली एक लहानसं चाक फिरू लागलं. हावळांनी कापडी पिशवीतून शर्टाची पुढची पट्टी काढली, सुई उजेडाकडे धरून दोरा ओवला आणि काज विणायला घेतलं. साठीचा माणूस, पण हात मशीनसारखा चालत होता. टाका, गाठ, टाका, गाठ. दहा मिनिटं झाली तेव्हा पडद्यावर नवी ओळ आली: 'वेळ संपला. पुन्हा प्रयत्न करा.' हावळांनी दोरा दाताने तोडला आणि काजावरून अंगठा फिरवला.

"आज पण मशीन हरलं, मामा," मुजावर म्हणाले. "तुमचं काज आधी झालं."

"मशीनला घाई न्हाई," हावळ म्हणाले. "मलाच हाय."

मी पुण्याच्या एका कंपनीत डेटाबेसचं काम करत होतो. एखाद्या कार्यालयातलं सॉफ्टवेअर फार संथ झालं की मला तिथे पाठवायचे. इथलं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कोणी लिहिलं होतं, तो माणूस नोकरी सोडून गेला होता. मला चार दिवस दिले होते. शुक्रवारी मोठ्या साहेबांच्या हस्ते नागरिकांसाठी ही खिडकी सुरू व्हायची होती, आणि करारात लिहिलं होतं की शोध पाच सेकंदांच्या आत पूर्ण व्हावा.

हावळांची हकीकत मला मुजावरांनी जेवणाच्या सुट्टीत सांगितली. बाजारपेठेत त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. धाकटा भाऊ मनोहर, वय अठ्ठेचाळीस, जन्मापासून मुका. ऐकू यायचं थोडंफार, लिहिता येत नव्हतं. शाळेत घातलं होतं, पण दोन महिन्यांत मास्तरांनीच परत पाठवलं. मोठा भाऊ कापायचा आणि शिवायचा, धाकटा काज-बटण करायचा. दोघांनी चौतीस वर्षं एका दुकानात काढली. दुकान मंगळवारी बंद. १७ ऑगस्टच्या मंगळवारी मनोहर दाढी करायला म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही. न्हाव्याने सांगितलं, दाढी करून गेला. त्यापुढचं कोणालाच माहीत नव्हतं.

"बोलता येत न्हाई, लिहिता येत न्हाई," मुजावर म्हणाले. "चुकून दुसऱ्या एसटीत बसला तर ह्यो सांगणार कुणाला, मी कुणाचा म्हणून? आपल्याकडं सापडलेल्या माणसांची नोंद हाय, जिवंत असू दे नायतर मयत. त्यात असला तर हाय. म्हणून येतोय बिचारा दर मंगळवारी."

मशीन हरल्यावर मुजावर एक काम करायचे, फक्त हावळांसाठी. शोधाच्या पानावर पोलीस ठाण्यांची यादी होती. त्यातलं एकेक ठाणं निवडून ते तेवढ्यापुरता शोध लावायचे. एका ठाण्याला दोन-दोन मिनिटं लागायची. तेवीस ठाणी संपायला पाऊण तास जायचा. त्या पाऊण तासात हावळ आणखी चार काजं विणायचे. त्या दिवशीही तेच झालं. कुठेच काही निघालं नाही.

निघताना त्यांनी मला स्वतःच्या शर्टाचं खालचं टोक उलटून दाखवलं. पांढरा शर्ट, सहा बटणं पांढऱ्या दोऱ्याने लावलेली, सगळ्यात खालचं लाल दोऱ्याने.

"घरच्या कपड्याला आम्ही लेबल लावत न्हाई," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात घरचा कपडा मिसळू नये म्हणून शेवटचं बटण लाल. वडिलांपासनं हाय. मनूच्या अंगावर त्या दिवशी फिकट निळा शर्ट होता. त्याचं पण लालच असणार. अर्जात लिवलंय, पण तुम्ही नवीन हाय म्हणून सांगतो."

मी वहीत लिहून घेतलं. मी सगळंच लिहून घेतो. बारा वर्षं झाली, ती वही अजून माझ्याकडे आहे, त्यामुळे यातले आकडे आणि वेळा आठवणीवर अवलंबून नाहीत.

बुधवारी सकाळी मी क्वेरी उघडली. क्वेरी म्हणजे कॉम्प्युटरला विचारलेला प्रश्न. हा प्रश्न पाच टेबलं एकमेकांना जोडत होता: सापडलेल्या व्यक्ती, अंगावरच्या खुणा, कपडे आणि वस्तू, फोटो, आणि पोलीस ठाण्यांची यादी. मुजावरांना त्यात काय बिघडलंय ते जाणून घ्यायचं होतं. मी त्यांना रजिस्टरांचं उदाहरण दिलं. पाच रजिस्टरं आहेत. पहिल्यातल्या प्रत्येक माणसासाठी मशीन कपड्यांचं अख्खं रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळतंय. कपड्यांच्या नोंदी एक लाख चाळीस हजार, माणसं चार हजार.

"आणि अनुक्रमणिका न्हाई," मुजावर म्हणाले.

"अनुक्रमणिकाच नाही."

"म्हणजे आमच्या मुद्देमाल कारकुनासारखं. त्यो पण एक चप्पल शोधायला अख्खी खोली उपसतो."

मी अनुक्रमणिका तयार केली, जिला आमच्याकडे इंडेक्स म्हणतात. दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी पूर्ण जिल्ह्याचा शोध एकेचाळीस सेकंदांत संपला. पहिल्यांदाच संपला. मी आधीच छडा लागलेलं एक प्रकरण घेऊन तपासलं. उत्तर बरोबर आलं. मुजावरांनी आपल्या पैशाने सगळ्या खोलीला चहा सांगितला.

या बुधवारी दुपारी तीन ते गुरुवारी दुपारी पावणेपाच, या पंचवीस-सव्वीस तासांत काउंटरवर ही एकेचाळीस सेकंदांची क्वेरी चालू होती. तेवढ्यात तीन जण विचारायला आले. त्यांत हावळ नव्हते. मंगळवार नव्हता.

गुरुवारी सकाळी निरीक्षक जोंधळे मॅडम येऊन पाहून गेल्या. शांत बाई होत्या, आवाज चढवत नसत. एकेचाळीस सेकंद त्यांनी उभ्यानेच मोजले.

"वर्तक, तुम्हाला माहीत आहे की हे आधी चालतच नव्हतं. मलाही माहीत आहे," त्या म्हणाल्या. "उद्या येणाऱ्यांना माहीत नाही. चाळीस सेकंद चाक फिरलं की त्यांना वाटणार, अडकलं. आणि कागदावर पाच लिहिलंय."

मी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला.

उरलेला वेळ कुठे जातोय ते शोधायला दुपार गेली. तो शेवटच्या जोडणीत जात होता, ठाण्यांच्या यादीशी होणाऱ्या. मूळ लिहिणाऱ्याने ती जोडणी सैल ठेवली होती. एखाद्या माणसाच्या नोंदीतला ठाण्याचा क्रमांक यादीत सापडला नाही तरी नोंद टाकायची नाही, ठाण्याच्या नावाची जागा रिकामी सोडायची आणि माणूस दाखवायचा. या सैलपणामुळे मशीनला ठाण्यांची यादी आधी हातात घेता येत नव्हती, आधी सगळी माणसं गोळा करावी लागत होती. मी जोडणी घट्ट केली. क्रमांक दोन्हीकडे असेल तरच नोंद घ्यायची. बदल एका शब्दाचा होता. चार वाजून चाळीस मिनिटांनी क्वेरी चालवली. तीन सेकंद.

असा बदल केला की आधीच्या आणि नंतरच्या नोंदी मोजून पाहायच्या असतात. मी मोजल्या. आधी चार हजार एकशे शहाऐंशी, नंतर चार हजार एकशे सदुसष्ट. एकोणीस कमी.

ते एकोणीस क्रमांक मी वेगळे काढले. सगळ्यांचं ठाणं एकच होतं, क्रमांक चोवीस. कॉम्प्युटरमधल्या यादीत चोवीस नव्हतं. समोरच्या भिंतीवर निळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत जिल्ह्यातल्या ठाण्यांचा फलक होता. मी तो खालपर्यंत वाचला. तेवीस. प्रोग्रामर लोक सॉफ्टवेअर तयार करताना खोट्या नोंदी भरून पाहतात आणि पुसायला विसरतात. अशा दोन-तीन मी आदल्याच दिवशी पाहिल्या होत्या, नाव 'अबक', वय ९९९. मुजावर शेजारच्या टेबलावर बशीतून चहा पीत बसले होते, माझ्यापासून चार फुटांवर.

"काय झालं, साहेब?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "झालं."

शुक्रवारी अकराला मोठे साहेब आले. दोन वार्ताहर, एक कॅमेरावाला, मुख्यालयातले वीसेक लोक. फीत कापून झाल्यावर पहिला शोध कोणासाठी लावायचा ते मुजावरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांनी हावळांना दुकान बंद करून यायला सांगितलं होतं. हावळ इस्त्रीचे कपडे घालून आले होते. हातात तीच कापडी पिशवी होती. इतक्या लोकांत बसायला त्यांनी मान हलवून नकार दिला आणि काउंटरला धरून उभे राहिले. सवयीने त्यांनी पिशवीत हात घालून सुई काढली.

मुजावरांनी बटण दाबलं. हावळ सुईत दोरा ओवत होते. दोरा नेढ्यातून जायच्या आधी पडद्यावर उत्तर आलं: 'जुळणारी नोंद आढळली नाही.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वेगाला वाजवल्या होत्या, हे सांगायला हवं. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहून वार्ताहरांना तीन सेकंद असं सांगितलं, कॅमेऱ्याचा प्रकाश पडला, मॅडमनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. हावळ अजून पडद्याकडे बघत होते. चाक फिरायचं ते दिसत नव्हतं, म्हणून त्यांना वाटलं असावं की अजून सुरूच झालेलं नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, मामा," मुजावर म्हणाले.

त्यांनी सुई रिळात खोचली, रीळ पिशवीत टाकलं.

मी दुपारच्या गाडीने निघालो तेव्हा ते मुख्यालयाच्या फाटकापाशी बाकावर बसलेले दिसले. ते माझ्यासाठी थांबले होते. मी जवळ गेल्यावर उठले. आमचं बोलणं फार तर दोन मिनिटं झालं.

"साहेब, ह्यात सगळी असत्यात न्हवं? समद्या ठाण्यांची?"

"सगळी."

"जित्ती बी? मेलेली बी?"

"दोन्ही."

"आधी मला वाटायचं, मशीन थकतंय. कुठंतरी आत असंल मनू, ह्याच्या हाताला लागंना झालाय. आता तसं न्हाई?"

"आता तसं नाही. आता पूर्ण शोधतं."

"मग मनू ह्या जिल्ह्यात न्हाई."

मला म्हणता आलं असतं की या यादीत नाही. माझ्या धंद्यात दोन्ही वाक्यांतला फरक पहिल्या वर्षी शिकवतात. मी म्हणालो, "नाही."

त्यांनी मान डोलावली. हात जोडले नाहीत, आभार मानले नाहीत. रस्ता ओलांडून बाजाराच्या दिशेने गेले.

पुढचं दीड वर्ष मी आणखी अकरा ठिकाणी अशीच कामं केली. त्या खोलीची आठवण फारशी आली नाही. मुजावरांचा अधूनमधून फोन यायचा. प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरलाय, असलं काहीतरी. एकदा मी हावळांचं विचारलं. ते म्हणाले, मामा आता येत नाहीत. आपल्या मशीनने नाही सांगितल्यापासून बाहेर शोधतायत. मंगळवार आला की फोटो घेऊन गाडी पकडतात. बेळगाव झालं, हुबळी झाली, सोलापूर झालं. धर्मशाळा, देवळं, इस्पितळं, स्टेशनं. सोमवारी रात्रीच भाकरी बांधून ठेवतात.

जुलै २०१२ मध्ये, एका बुधवारी सकाळी साडेनऊला, मुजावरांचा फोन आला.

"साहेब, मनोहर हावळ सापडला."

मी विचारलं, कुठे?

"आपल्याच मशीनमध्ये."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी नेहमीप्रमाणे लिहून घेतलं.

मी तिथे गेलो त्याच्या सात महिने आधी, जून २०१० मध्ये, जिल्ह्यातलं सर्वांत मोठं ठाणं तोडून नदीपलीकडे नवं ठाणं सुरू झालं होतं. भाड्याच्या इमारतीत, अकरा माणसांवर. त्याला चोवीस क्रमांक मिळाला. तिथली माणसं पहिल्या दिवसापासून नोंदी भरत होती. पण कॉम्प्युटरमधल्या यादीत ठाण्याचं नाव घालायचं काम मुंबईहून व्हायचं होतं, ते कोणी केलं नाही. निवडायच्या यादीत नाव दिसत नव्हतं, म्हणून मुजावरांना वाटत होतं की तिथल्या नोंदी अजून जुन्या ठाण्याखालीच येतात. भिंतीवरच्या फलकाचं विचारलं तर ते म्हणाले, त्याचा पेंटर आला नव्हता. वर्षभर येतो येतो म्हणत होता.

या जुलैमध्ये नवीन ऑपरेटर आला. त्याने मुंबईला लिहून यादीत चोविसावं नाव घालून घेतलं. मुजावरांनी सहज जुनी प्रकरणं एकेक करून लावून पाहिली. हावळांचं लावलं, आणि तीन सेकंदांत नोंद समोर आली. ती त्यांनी मला फोनवर वाचून दाखवली.

'पुरुष, अंदाजे पन्नास. दि. २० ऑगस्ट २०१०, नदीपुलाजवळील बस थांबा. बोलत नाही. नाव-गाव सांगत नाही. दोन बोटांनी कात्री चालवल्याची खूण वारंवार करतो. शर्ट फिकट निळा, शेवटचे बटण लाल दोऱ्याने शिवलेले. न्यायालयाच्या आदेशाने निराधार गृहात दाखल.'

"जिवंत होता, साहेब," मुजावर म्हणाले. "जिवंत नोंद हाय. दुकानापासनं एकतीस किलोमीटरवर."

मी विचारलं, आता?

"यंदा नऊ मार्चला गेला. न्यूमोनिया. त्याच नोंदीत खाली भरलंय." मग ते म्हणाले, "पण आधी का दिलं न्हाई हो मशीननं? त्या शुक्रवारी मामांसमोरच लावलं होतं की आपण."

मी सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला. कपाटातून वही काढली. २० जानेवारी २०११, गुरुवार, ४.५०. माझ्याच अक्षरात: 'फरक १९. ठाणे क्र. २४ यादीत नाही. चाचणी नोंदी. दुर्लक्ष करणे.' त्याखाली एकोणीस क्रमांक. मुजावरांनी वाचलेला क्रमांक त्यांत अकरावा होता.

मुजावरांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "मी शेजारीच होतो की," एवढंच म्हणाले.

मी हावळांकडे गेलो ते रविवारी, दुपारी बाराच्या सुमारास. दुकान दोन मशीन मावतील एवढंच होतं. एका मशीनवर हावळ काम करत होते, दुसऱ्यावर कापड झाकलं होतं. त्यांनी मला ओळखलं. स्टूल पुढे केलं, शेजारच्या हॉटेलात हाक मारून चहा सांगितला. गळ्यात गजटेप, डोळ्यांवर चष्मा. दीड वर्षात खूप वाळले होते.

मी काही बोलायच्या आधी त्यांनीच सुरुवात केली. सामान आणायला निराधार गृहात गेले होते. वॉर्डनने चांगलं वागवलं. मनोहरच्या खाटेची जागा दाखवली, जिथे अंत्यविधी केला ती जागा दाखवली. निळा शर्ट, एक कंगवा आणि सुईदोऱ्याची डबी एवढं सामान होतं. मनू दिवसभर सुईच घेऊन बसायचा, असं वॉर्डन म्हणाले. कोणाचं काही उसवलं, तुटलं की त्याच्याकडे यायचं.

"मग अंगणात आलो," हावळ म्हणाले. "तिथली माणसं उन्हाला बसली हुती. म्हातारी, लुळी, येडी. अंगात सगळ्यांच्या सरकारी पांढरी कुडती. माझी नजर धंद्याची, आधी कापडाकडं जाती. शेवटचं बटण लाल दोऱ्याचं."

"कोणाचं?"

"सगळ्यांचं. मी मोजली. सव्वीस माणसं."

त्यांनी हातातलं कापड मांडीवर नीट केलं.

"वॉर्डन म्हणाला, हौस हुती त्याला लाल रंगाची. मी म्हटलं, असंल."

चहा आला. ते म्हणाले, घ्या. मग म्हणाले, शेवटी तुमच्या मशीननंच काढला. उशिरा का हुईना. मुजावरनं सांगितलं, तीन सेकंदांत. मी तर हुबळीपातूर जाऊन आलो.

मुजावरांनी त्यांना बाकीचं सांगितलं नव्हतं. ते काम त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं, आणि ते योग्यच होतं.

मी पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडून त्यांच्या पुढ्यात धरलं. शक्य तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं. नोंद होती. पहिल्यापासून होती. बुधवारी मशीनला ती दिसत होती. गुरुवारी मी एक बदल केला, त्यात एकोणीस माणसं गळली. मला दिसलं की गळली. ती खरी माणसं नाहीत असं मी धरलं. उघडून वाचलं नाही. मुजावर शेजारी होते, त्यांना विचारलं नाही. शुक्रवारी तुम्ही मला फाटकावर विचारलंत तेव्हा मनोहर एकतीस किलोमीटरवर होते, आणि मी नाही म्हणालो.

ते चष्मा सरकवून पानाकडे बघत राहिले.

"ह्यातला मनू कुठला?"

मी अकराव्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनीही ठेवलं, माझं बोट काढल्यावर.

"ह्यो बदल कशापायी केला?"

"वेळ वाचवायला."

"आधी किती लागायचा?"

"एकेचाळीस सेकंद. बदलानंतर तीन."

"म्हणजे अडतीस वाचले," हावळ म्हणाले. त्यांनी बोट उचललं नाही. दरवाज्याच्या वर एक जुनं भिंतीवरचं घड्याळ होतं, सेकंदाचा काटा लाल. त्यांनी मान वर करून तिकडे पाहिलं. काटा बारावर येईपर्यंत ते थांबले, आणि मग तो पुढे सरकू लागला तसे त्याच्याबरोबर पाहत राहिले. पाच. दहा. बाहेर कोणीतरी सायकल लावली आणि आत डोकावून परत गेलं. वीस. मला मान खाली घालता आली असती, पण मी घातली नाही. तीस. अडतिसाव्या ठिपक्यावर काटा आला तेव्हा त्यांनी वही मिटली, माझ्या हातात दिली, आणि पट्टी उचलून काज विणायला घेतलं.